घरझडतीनंतर

प्रिय ताई,

फोनवर शब्द फुटणार नाही, म्हणून लिहितोय. ‘आजाऱ्यांच्या दारात गणवेश उभा केलास तर ते मागच्या दाराने पळतील,’ असं तू म्हणालीस, मी हसलो, आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

इथे कॉलरा पसरलाय. शाळेच्या पटांगणात आम्ही दोन दिवसांत तंबूंचं इस्पितळ उभारलं. साठ खाटा, सलाईन, शुद्ध पाणी, सगळं तयार. आणि दाखल व्हायला माणूस एक नाही. वस्तीतून मात्र रोज प्रेतं निघत होती. शेवटी घरात लपवलेले आजारी शोधायला घरझडतीचा हुकूम आला आणि तुकडी घेऊन मी निघालो.

एका पत्र्याच्या घराच्या दारात बाई उभी होती. “घरात कोणी नाही,” म्हणाली. आवाज स्थिर होता, पण चौकटीवरचा हात सुटेना. माझ्या जवानाने तिला बाजूला केलं. मी माळ्यावर चढलो. पोत्यांच्या आड तिचा नवरा पडला होता. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून तोंडात फडकं धरलेलं, डोळे खोल गेलेले. खाली उतरवेपर्यंत नाडी लागेना. वेळेवर सलाईन मिळालं असतं तर तो वाचला असता, हे तुला मी काय सांगू! बाई एवढंच म्हणाली, “बंदूक घेऊन औषध कोण देतं?”

पुढच्या घरात मी पाऊल टाकलं नाही. साहेबांनी मला फैलावर घेतलं. तरी मी दोन दिवस मागून घेतले, रायफली कुलपात ठेवल्या आणि जवानांना पाणी वाटायला लावलं. पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही. माझ्या हट्टापायी आणखी किती जण माळ्यांवर मरत असतील? दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बाई आली, सासूला पाठीवर घेऊन. सासूला खाटेवर ठेवलं, परत गेली आणि शेजारणींना घेऊन आली. दिवस मावळेपर्यंत एकेचाळीस खाटा भरल्या. सासू आता उठून बसते.

हे पत्र रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडे देतोय, कारण सोमवारी आमची तुकडी तुझ्या दवाखान्याच्या वस्तीत येतेय. हुकूम झडतीचाच आहे. विनवण्या करून मला झडतीआधी फक्त एक सकाळ मिळालीय. तिथे मला कुणी ओळखत नाही. ताई, माझ्यासोबत दारोदार चालशील? नाही म्हणालीस तरी मी रिकाम्या हातांनीच येईन. पण दारं तुझ्याच हाकेला उघडतील.

तुझाच,
धाकटा