बातम्या, पोट आणि मातीतला जंतू

३ मार्च, सोमवार
रेडिओवर शोकवार्ता वाचताना पोट पुन्हा वाजलं. लांबलचक गुरगुर. माइकने इमानेइतबारे टिपली. डायरेक्टर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. अठ्ठावीसला टेस्ट रेकॉर्डिंग. तेव्हाही वाजलं तर बुलेटिन हवामान सांगणाऱ्या मुलीकडे. पोटापायी पोटावर पाय! घाबरलो नाही. फक्त बाहेर पडताना चुकून स्टोअररूममध्ये शिरलो.

५ मार्च, बुधवार
उपाय सापडला. मातीत राहणारा एक चांगला जंतू, कॅप्सूलमध्ये मिळतो. कवच पांघरून झोपतो, पोटातल्या आम्लाला भीक घालत नाही, आतड्यात पोचला की जागा होतो. चिवट. अगदी माझ्यासारखा. डॉक्टर म्हणाले, काहींना गुण येतो, काहींना नाही. रोज एक घ्या, कँटीनचं तळलेलं बंद करा, धीर धरा.
मी दोन घेणार. धीर धरायला वेळ कुणाला आहे?

९ मार्च, रविवार
पोट टम्म फुगलंय. जंतू कामाला लागल्याची खूण. बायको म्हणते, खूण शेजाऱ्यांपर्यंत पोचतेय. दुर्लक्ष.
तळलेलं कायमचं बंद. काल एकच प्लेट, निरोपाची.

१२ मार्च, बुधवार
घसा खवखवतोय. आवाज म्हणजे माझं भांडवल, त्यात हयगय नाही. कपाटात जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सापडल्या. सुरू केल्या. आता दोन्ही आघाड्यांवर फौज.

१७ मार्च, सोमवार
पूर ओसरल्याची बातमी वाचली आणि आतून पूर आला. काचेपलीकडे साउंड इंजिनिअर टेबलाखाली वाकून हसत होता. हवामानवाली पाण्याचा ग्लास ठेवून गेली. फार प्रेमाने. लक्षण ठीक नाही.

१९ मार्च, बुधवार
डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, एका हाताने पेरताय आणि दुसऱ्या हाताने नांगर फिरवताय, अहो! मनाने गोळ्या घेतल्याबद्दल वेगळं झापलं. आता कॅप्सूल एकच. जेवण साधं.
मला वाटतं, बिचाऱ्या जंतूंनाही धक्का बसला असेल.

२५ मार्च, मंगळवार
झोप नाही. भीती वाटते. बातम्या वाचण्यापलीकडे मला काही येत नाही. या वयात कोण दारात उभं करणार? सकाळी कॅप्सूल तळहातावर घेऊन तिची विनवणी करत होतो. बायकोने पाहिलं. पाणी आणून दिलं.

२८ मार्च, शुक्रवार
पोट गप्प! शोकवार्ता, पूर, शेअर बाजार, आतून ब्र नाही. मी विजयी मुद्रेने काचेकडे पाहिलं.
मॅडमनी हेडफोन काढला. म्हणाल्या, इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष तुमच्या पोटाकडेच असायचं. आज पहिल्यांदा नुसता आवाज ऐकला. मग खाली बघत म्हणाल्या, सोमवारपासून हवामानवाली वाचेल.
घरी आलो. बायकोने उरलेल्या कॅप्सूल गॅलरीतल्या कुंडीत रिकाम्या केल्या. म्हणाली, सुटले बिचारे, आपल्या घरी गेले. मी तिला विचारलं, माझा आवाज कसा आहे गं?
ती म्हणाली, आधी जेवून घ्या.