वाटेत सांडलेला उजेड

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजी, तुम्हालाही, कारण हे पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवणार. वर्तमानपत्रातल्या वाईट बातम्या गाळता, तसं इथलं काही गाळू नका. विनंती समजा, नाहीतर दमदाटी.

मी मजेत. थंडीनं लॅबमधले पाइप कुरकुरतात आणि आमचं यंत्र तेही इमानदारीत मोजून ठेवतं. गेल्या आठवड्यात ते पहिल्यांदा नीट चाललं. मागं सांगितलं होतं ना, उजेड कणाकणानं येतो म्हणून मोजमाप थरथरतं? जास्त उजेड टाकला तर भागतं, पण नाजूक डोळा भाजतो. आम्ही उजेडच असा घडवला की मंद असूनही थरथर निम्म्यावर आली. चाचणीसाठी बनवलेल्या काचेच्या डोळ्यामागची रेघ न् रेघ दिसली. सरांनी पाठ थोपटली. एरवी ते फक्त चुका मोजतात.

फोनवर तू केवढी हसलीस. "बघ, मी म्हणत नव्हते? तुझं यंत्र येऊ दे, मग एकदाच दाखवते. तोवर डोळ्यात त्या सुया नकोत गं बाई!" तुझ्यापुढे माझं कधी चाललंय?

काल खऱ्या डोळ्याची पाळी आली. माझाच लावला. ताई, डोळ्यात जाता-येता बहुतेक उजेड वाटेतच सांडतो, आणि सांडला की आमची करामत मातीमोल. उरतो तो साधाच उजेड. तुझ्या दवाखान्यातल्या यंत्रात आणि आमच्यात काडीचा फरक राहिला नाही. सर म्हणाले, "अजून दहा वर्षं तरी." तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सुया घेतल्या नाहीत तर नजर फार तर उन्हाळ्यापर्यंत.

आणि जमलं असतं, तरी ते नुसतं बघणारं यंत्र आहे गं. बरं करणारं नाही. सुयांनी आहे तेवढी नजर तरी टिकेल. मला फार भीती वाटते. केसाच्या लाखाव्या भागाएवढं अंतर मी मोजते, आणि तुला दवाखान्यापर्यंत नेऊ शकत नाही. हात टेकले मी.

भाऊजी एवढं सगळं गाळणार, मला ठाऊक आहे. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना काही सुचत नाही. पण पत्र संपल्यावर कागद हातात घेऊन कुरवाळायची तुझी सवय आहे. म्हणून नावाखाली, कागद पालथा करून, शाई संपलेल्या पेनानं आरशातल्यासारखं उलटं दाबून लिहिलंय: जा. हे वाचून कळलं, तरी त्यांना ते गाळता येणार नाही. तुझ्या बोटाला लागेल.

गुरुवारी सुईसाठी तू दवाखान्यात निघालीस असा फोन येईपर्यंत जीव टांगणीला लागलेली,
तुझी धाकटी