नायकाला काळं कुणी फासलं?

३ मार्च
फिल्म क्लबनं २२ तारखेचं व्याख्यान माझ्याकडे दिलं. विषय: मूकपटांतल्या प्रेमकथांत कोण दिसलं, कोण दिसलं नाही. यावर बोलणारा गावात दुसरा आहेच कोण? ठराव: रोज दोन तास वाचन.

५ मार्च
वाचन नाही. डोळ्यांवर ताण. शिवाय फार वाचलं की स्वतःची मतं बिघडतात.

८ मार्च, सकाळी ११
संग्रहालयात सिनेमा पाहिला. नऊच मिनिटं शिल्लक आहेत. श्रीमंताची मुलगी, काळासावळा धोबी, नदीकाठ. पाहताक्षणी ओळखलं: गोऱ्या नटाला काळं फासलंय! प्रेम करायला तेव्हा गोराच लागायचा. अख्खं व्याख्यान यावरच उभं करणार.
रिळं सांभाळणारी चष्मावाली म्हणाली, तो माणूस खराच सावळा होता, माझ्याकडे कागद आहेत, बघता का? कारकुनी डोकं. चहा प्यायलो, निघालो.

१४ मार्च
पहिला परिच्छेद लिहिला. उत्तम. तीनदा वाचला. उरलेलं ऐनवेळी सुचतंच.
चष्मावालीचा फोन. सिनेमात धोबी झालेल्या त्या माणसाची नात सापडली, पंच्याऐंशीची, तिला स्टेजवर बसवू या का? म्हटलं, पहिल्या रांगेत खुर्ची देऊ. नातेवाइकांचं संमेलन आहे का हे?
बायकोनं विचारलं, कोण दिसलं नाही यावर बोलणार आणि स्टेजवर एकटे तुम्हीच? तिला विषयच कळलेला नाही.

२१ मार्च
कोट इस्त्रीला. भाषणात टाळ्यांसाठी दोन जागा काढून ठेवल्यात.

२२ मार्च
लिहायचा मूड नाही. पण नोंद हवी.
सिनेमा लावला. पडद्यावर छडी टेकवून म्हटलं, बघा, कानामागं रंग ओघळलाय. पहिल्या रांगेतली म्हातारी उठली. म्हणाली, घाम आहे तो. माझे आजोबा स्टुडिओतले कपडे धुवायचे. नट आजारी पडला म्हणून त्यांना उभं केलं. सभागृह हसलं. मेंढरं.
मग ती म्हणाली, सिनेमा लागला तेव्हा थिएटरात आजोबांना आत घेतलं नाही. आजी दाराबाहेर उभी राहिली, आतला पियानो ऐकला आणि घरी आली. दोघं वारली, पण सिनेमा घरात कुणीच पाहिला नाही. मीही आजच बघतेय. जरा छडी बाजूला घ्या, चेहरा दिसत नाही.
घेतली.
मग चष्मावालीनं तिला हात धरून स्टेजवर नेलं. म्हातारी चाळीस मिनिटं बोलली. माइकचा स्टँड सारखा घसरत होता, म्हणून माइक मी धरला. परिच्छेद खिशातच राहिला.

२४ मार्च
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम, मोकळे आहात का? म्हटलं, भाषण तयारच आहे. ते म्हणाले, भाषण आजीबाईंचं, तुम्ही माइक धराल का?
हो म्हणालो. चाळीस मिनिटं हात स्थिर ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.