आवडी कशाला हसली

गोपीनाथ मास्तर कल्याणच्या नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला रुजू होणार होते. ठाण्याहून सकाळच्या आगगाडीने निघताना त्यांनी धाकट्या बहिणीसाठी चुलीपाशी चिठ्ठी ठेवली.

“चि. आवडीस आशीर्वाद. काल मी राजा आणि नोकराचा संवाद मोठ्याने वाचत होतो, तेव्हा तू दाराआड हसलीस. कशाला हसलीस, ते खाली लिही. पहिला आठवडा मुलांकडून तो मराठीत करवून घेईन, पुढे तोच इंग्रजीत. हेडमास्तर नाटकाला थेरं म्हणतात, तेव्हा सुरुवातच फसून चालणार नाही. आज तरी दुपारचे जेव.”

नवरा वारल्यापासून आवडी घरात कधी हसली नव्हती. ते त्यांनी लिहिले नाही; पण दिवसभर मन त्या हसण्यातच अडकून राहिले.

संध्याकाळी परतल्यावर त्यांनी आधी चिठ्ठी उचलली. खाली तिचे अक्षर होते: “दादा, राजा आणि नोकर दोघांचाही तुम्ही एकच मवाळ आवाज काढता. राजाच नोकराला घाबरतो असं वाटलं.”

मास्तर खो खो हसले. मग छाती काढून राजाच्या थाटात गरजले, “अरे, कोण आहे रे तिकडे?”

आतून भसाड्या आवाजात उत्तर आले, “आलो, सरकार!”