चार वेळा गाळलेलं पाणी

सावली, १२ जानेवारी २०२५

चि. रंजीता हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की लोणच्याची बरणी परत आली, झाकण आलं नाही. तुझ्या मामीने, म्हणजे आशाबाईंनी, या प्रकरणी मौन धारण केलं असून त्या मौनाचा रोख तुझ्याऐवजी माझ्याकडे आहे. झाकणाचा शोध घ्यावा आणि सापडल्यास सन्मानाने रवाना करावे.

मोबाइलला मी हात लावत नाही आणि त्यावरची अक्षरं तुला एकाची तीन दिसतात, म्हणून हा पत्रव्यवहार. मार्करने लिहितो आहे, एकेक अक्षर वांग्याएवढं. पाकिटावरचा पत्ता पाहून पोस्टमनने विचारलं, गुरुजी, निवडणुकीला उभे राहिले काय.

नागपूरच्या डॉक्टरांनी तुझा आजार केराटोकोनस सांगितला. मला वाटलं, कोणी यवन राजा असावा. बुबुळ पुढून टोकदार होत जातं, चष्म्याने भागत नाही, कडक लेन्सच लागते, इथवर समजलं. ती टोचते म्हणून तू रडतेस हेही कानावर आलं. माझ्या घरी आठ वर्षं राहून संस्कृत शिकलीस, त्याहून ती लेन्स कठीण आहे असं मानायला मी तयार नाही.

सोबत त्रिफळ्याच्या पाण्याची बाटली पाठवतो. स्वतः उकळलं आहे, मलमलीतून चार वेळा गाळलं आहे. शाळेतल्या निम्म्या मास्तरांचे डोळे मी याच पाण्याने धुतले. अजून कोणी तक्रार केलेली नाही.

झाकण आणि लोभ, दोन्ही जपून ठेव.

गुणवंतराव


मोहर्ली, २ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

झाकण सापडलं. मंगली त्याच्यात साबण ठेवत होती. मंगली म्हणजे माझ्या खोलीतली, माझ्यासारखीच जंगल सफारीवर गाइड. तिनं माफी मागितली नाई, पण झाकण धुऊन दिलं.

कडक लेन्सचं म्हणाल तर धानाचं कुसळ डोळ्यात घेऊन उघड्या जिप्सीत बसा, अन् वरून रस्त्याची धूळ. मागच्या महिन्यात पाणवठ्यावर लेन्स उडाली. सहा पाहुणे गाडीतच वाकून माझ्या पायाशी लेन्स शोधत बसले, अन् वाघीण मागून निघून गेली. कोणीच पाहिली नाई. त्यांनी तक्रारवहीत पूर्ण पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी लेन्सविना गेले तर प्रफुलनं गंमत केली. तोही गाइडच. बाजूच्या जिप्सीतून म्हणे, ताई, तिकडं बिबट बसून राह्यला. मी पाहुण्यांले पंधरा मिनिटं वारूळ दाखवलं. आता सगळे मले वारूळबाई म्हणतात. हसणाऱ्यांत मीही होते, मामा. दुसरं काय करता.

एप्रिलमध्ये आमची नजर तपासणार आहेत. एकेका डोळ्यानं तक्ता वाचता आला नाई तर गाइडमधला माझा नंबर दुसऱ्याले जाईल. अन् जंगलाशिवाय मले येते काय?

पण आता चांगली बातमी. उजव्या डोळ्यासाठी नवीन लेन्स मिळाली, डाव्याची पुढं बनवणार. मोठी, वाटीसारखी. बुबुळाले टेकतच नाई, डोळ्याच्या पांढऱ्यावर बसते. तिच्यात मिठाचं पाणी काठोकाठ भरायचं, मान खाली घालायची अन् डोळा तिच्यावर टेकवायचा. एक बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी अकरा वेळा फसली. बाराव्यांदा बसली, अन् टोचलं नाई. काहीच टोचलं नाई! बाहेर आले तर मोहाच्या झाडाचं एकेक पान वेगळं. मंगलीच्या नाकावर तीळ आहे, दोन वर्षांत मले माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, सीलबंद कुपीतलंच पाणी भरायचं, दुसरं काही नाई. म्हणून तुमची बाटली फळीवर ठेवली आहे. रागावू नका. मामीले नमस्कार, तुमची माया राहू द्या.

रंजीता


सावली, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रंजीता हीस आशीर्वाद.

झाकण पोचलं. लोणच्याला आता चंदनाच्या साबणाचा वास येतो. वारूळबाई ही पदवी फार आवडली. मी ती स्टाफरूममध्ये सांगितली, मंडळी हसून लोळली. तुला वाघ दिसत नसला तरी वाघाला तू दिसतेस, एवढं लक्षात असू दे.

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य गळ्याखाली उतरलं नाही. ज्याने तुला पाचवीपासून वाढवलं त्याचं पाणी फळीवर, आणि कारखान्यातलं खारट पाणी डोळ्यात! डॉक्टर आठ-दहा वर्षं शिकले असतील. आपलं शास्त्र शेकडो वर्षं डोळे धूत आलं आहे. ती लेन्स म्हणजे वाटीच ना? मग वाटीत काय वाढायचं हे घरच्या माणसाने ठरवावं.

कुपी संपतील तेव्हा माझं पाणी भरून बघ. नाही भरलंस तर मी समजेन की मामा आता तुझ्या पाहुण्यांसारखा झाला, वारूळ दाखवून वाटेला लावण्याजोगा.

उत्तराची आणि आज्ञापालनाची वाट पाहणारा,

गुणवंतराव


मोहर्ली, २३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना सा. न.

कुपी संपल्या. नवीन आणायले चंद्रपूरले जावं लागते, अन् सुट्टी नाई, गर्दीचे दिवस आहेत. म्हणून तुमचं पाणी भरलं. आज सहावा दिवस. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात बुडबुडा दिसत नाई, अन् पहिल्या दिवशी सगळं जंगल पिवळं. पण परवा वाघीण सगळ्यांत आधी मले दिसली. प्रफुलनं आपली गाडी माझ्या मागं घेतली. तेवढ्यानंच पोट भरलं.

उजवा डोळा कालपासून लाल आहे, झोंबते. लहानपणी तुम्ही म्हणत होते, झोंबलं म्हणजे गुण येऊन राह्यला. मंगली म्हणते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. मी म्हटलं, आधी मामाले विचारते. तर सांगा, चालू ठेवू का थांबवू? लवकर कळवा.

रंजीता


सावली, २६ फेब्रुवारी २०२५

चि. रंजीता हीस आशीर्वाद.

चालू ठेव. दोन दिवसांत निवळेल. मंगलीला म्हणावं, आधी साबणदाणी घे, मग वैद्यकी कर.

गुणवंतराव


नागपूर, ५ मार्च २०२५

गुरुजींले मंगलीचा जोहार.

मी रंजीताच्या खोलीतली. फोन लावला होता, मामीनं उचलला. त्या म्हणाल्या, गुरुजी मोबाइलले हात लावत नाई. हे मामीले सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सावलीच्या बसच्या कंडक्टरजवळ ही चिठ्ठी देऊन राह्यली. आजच भेटेल.

रंजीता चार दिवसांपासून इथी दवाखान्यात आहे. उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका पडला, तांदळाच्या कणीएवढा. दुखते तवा गादी चावते. डॉक्टरबाई रोज विचारतात, लेन्समध्ये काय भरलं होतं. ती म्हणते, बोरिंगचं पाणी. खोटं बोलते. बाटली मी पाहिली, अर्धी संपली आहे. मी म्हटलं, काऊन लपवते? तर म्हणे, दवाखान्याच्या कागदावर मामाचं नाव नाई येऊ देणार. मले शपथ घातली.

डॉक्टरबाई म्हणतात, खरं समजलं तर औषध बदलता येईल. शपथ मले आहे, तुम्हाले नाई. बाटली माझ्याजवळ आहे. आजच निघा अन् सांगा.

मंगली


नागपूर, १० मार्च २०२५

चि. रंजीता हीस,

तू आत आहेस आणि मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. तोंडाने सांगायला आलो असतो तर चार विनोद करून निसटलो असतो. मंगली हे तुला वाचून दाखवेल.

तिची चिठ्ठी मला पाच तारखेलाच मिळाली. मी आठ तारखेला निघालो. मधले तीन दिवस शाळेत परीक्षा आहेत असं मी मामीला सांगितलं. परीक्षेचं काम माझ्याकडे नव्हतं. मी घरात बसून स्वतःला पटवत होतो की बोरिंगचं पाणीही वाईटच असतं, त्यानेही असं होत असेल. आणि हे सावलीत पसरलं तर ज्या मास्तरांचे डोळे मी धुतले ते काय म्हणतील, याचा हिशेब मांडत होतो. तुझ्या डोळ्याचा विचार त्यात होता. पहिला नव्हता.

डॉक्टरबाईंनी बाटली उजेडासमोर धरली. आत कापसासारखं काही तरंगत होतं. त्यांनी विचारलं, कोणी बनवलं. मी म्हणालो, गावाकडच्या एका वैद्याने. त्यांनी नाव विचारलं, तेव्हा मी माझं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्याच तासाला बुरशीवरचं औषध सुरू केलं आणि एवढंच म्हणाल्या की तीन दिवस आधी आला असतात तर ठिपका मधोमध पोचला नसता.

डाग राहील. त्यातून बघता येईल अशी लेन्स नाही. पुढे कोणाचं बुबुळ मिळालं तर बसवता येईल, पण त्याला वर्ष लागेल की दोन, हे कोणी सांगत नाही. एप्रिलचा तक्ता तू वाचू शकणार नाहीस. हे तुला मी सांगतो असं मी त्यांना म्हणालो होतो. ते हे.

खरी काळजी वेगळीच आहे. काल तुझ्याजवळ आलो तेव्हा पट्टीखालून पाणी गळत होतं, तरी तू माझा हात चाचपून धरलास आणि विचारलंस की मामा, आता डाव्या डोळ्याचं काय करू. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, डॉक्टरबाईंना न विचारता. मला त्याचीच भीती वाटते.

कळावे.

गुणवंतराव