पुसलेला फोटो

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कॅमेरा घेतला. डिजिटल. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू नीट वाचशील.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासणाऱ्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत पुन्हा भिंगंच बघायला जाऊ नये. पण कॅमेऱ्याचं दुकान शेजारीच आहे. दुकानदार आधी काचेतून दाखवायचा, मग हातात द्यायला लागला. परवा त्याने पट्टा माझ्या गळ्यात अडकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पट्टा काढून ठेवायला हवा होता. बांधून द्या म्हणालो.

हिला सवडीने सांगायचं ठरवलं होतं. तोवर खोका जाड पांघरुणांच्या खाली ठेवला. नेमकी त्याच दिवशी थंडी वाढली. हिने पांघरूण काढलं, खोका पाहिला. तो होता तिथेच ठेवून वर एक चादर नीट घातली. तेव्हापासून मी घरात फार कामं करतो आहे.

खोका अजून उघडलेला नाही. जुनं संपल्याशिवाय नवं काढायचं नाही, हा बाबांचा नियम. जुन्या कॅमेऱ्यात थोडा रोल शिल्लक आहे, तो संपवतो आहे. बेसिनच्या नळाचा फोटो काढला, मालकांच्या टकलाचा काढला, हिच्या जांभईचा काढला. जांभईचा बहुतेक चांगला येईल.

तुझा डोळा आता मिटतो का? फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून विचारतो.

लोभ असावा. हिच्याकडे सध्या त्याची टंचाई आहे.

तुझा
खुडबुड्या


दि. १७ जानेवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

घेतलास ते बरं झालं. दोन वर्षं तुझ्या पत्रांत तब्येत, हवा आणि तो कॅमेरा एवढेच विषय होते. आता काय लिहिशील याची काळजी वाटते.

बाबांच्या नियमाचं म्हणशील तर आपले नवे बूट आठव. जुने फाटेपर्यंत कपाटात ठेवले होते. जुने फाटले तेव्हा नवे लहान झाले होते. आत्याच्या मुलांनी घातले. एवढं भोगूनही तू नियम पाळतोस. तुझ्यापुढे हात टेकले.

डोळा रात्री पट्टी लावली की मिटतो. तोंडाची डावी बाजू उतरली ती उतरलीच आहे. डॉक्टर म्हणतात, नस आहे, तिच्या सवडीने येईल. पाणी नळीने पिते. प आणि ब म्हणताना हवा निसटते, म्हणून फोन नको.

वाचनालयात मी देवघेवीच्या खिडकीवरून स्वतःच बदली मागून घेतली, हे तुला सांगायचं राहिलं होतं. हल्ली मागच्या खोलीत पुस्तकं शिवते. खळ, दोरा आणि मी. फाटकी पुस्तकं कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी खिडकीवरची माझी खुर्ची रिकामी ठेवली आहे. मार्चअखेर ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, खुशाल द्या. म्हटलं खरं, पण त्या दिवशी एका पुस्तकाची पानं उलटी शिवली.

तुम्ही दोघं या. पण तो कॅमेरा घरी ठेवून ये. हे गमतीने लिहीत नाही.

कळावे, आणि कळेल तेवढं पाळावे.

ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोल संपला. शेवटचा फोटो नव्या कॅमेऱ्याच्या खोक्याचाच काढला, कारण हिने वैतागून तो उघडून माझ्यापुढे आदळला. एका शब्दात म्हणाली, घे. आता आमचं बोलणं सुरळीत आहे.

ताई, यात भीतीच नाही. काढला, पाहिला, नाही आवडला, पुसला. रोल वाया जाईल म्हणून आपण जन्मभर श्वास रोखून उभे राहिलो, तसं काही नाही. काल मी एकाच चमच्याचे इतके फोटो काढले की हिने विचारलं, चमच्याचं काही ठरतंय का.

रविवारी येतो. कॅमेरा बरोबर असेल, बसमधून दिसणारी झाडं टिपायची आहेत. तुझ्याकडे आल्यावर तो पिशवीतून निघणार नाही. शब्द देतो.

तुझ्या रागासकट लोभ हवा आहे.

खुडबुड्या


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण यांचे कागद नुसते फाटताहेत.

शब्द मोडला, याला काही उत्तर नाही. तुम्ही सुईत दोरा ओवत यांची टर उडवत होतात, आणि यांनी पिशवीतून कॅमेरा काढून फोटो घेतला. तुम्ही उठून आत गेलात, कडी लावलीत, आणि आतूनच आम्हाला निघायला सांगितलंत. योग्यच केलंत. तुमच्या जागी मी असते तर आधी कॅमेरा खिडकीबाहेर टाकला असता.

परतीच्या बसमध्ये यांनी तो फोटो पुसायला घेतला. मी हात धरला आणि आधी मला बघू द्या म्हटलं. मग पुसला, माझ्यासमोर. आता तो कुठेही नाही. पण मी पाहिला, हे तुम्हाला न सांगणं बरं नाही.

तोंड वाकडं होतं. खोटं कशाला लिहू? मला धक्का बसला. आणि धक्का का बसावा, याचाच मी तेव्हापासून विचार करते आहे. सकाळी तुम्ही दार उघडलंत तेव्हा ते मला दिसलं होतं. मग तुम्ही बोलायला लागलात, वरच्या मजल्यावरच्या बाईंची नक्कल केलीत, यांना फैलावर घेतलंत. त्यात कधीतरी ते दिसेनासं झालं. दिवसभर तुमच्यासमोर बसून मला आमच्या नेहमीच्या ताई दिसत होत्या. बसमध्ये त्या एवढ्याशा काचेवर मात्र तुम्ही गप्प होतात. तुम्हाला गप्प मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

आरशातही माणूस गप्पच असतं. तुम्ही रोज तेच बघत असाल, असं मनात आलं. आगाऊपणा वाटला तर रागवा, पण चार ओळी लिहून रागवा. हे डबा तसाच परत आणताहेत.

आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
भावजय


दि. ३ मार्च

चि. खुडबुड्यास व त्याच्या शहाण्या बायकोस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद दोघांना आहेत, पण तुझ्या वाट्याला कमी.

फोटो काढलास याचा राग आठ दिवसांत गेला. दुसरा राग गेलेला नाही. तो फोटो तुझ्या बायकोने पाहिला, तू पाहिलास, शेजारच्या बाकावरच्या माणसानेही डोकावून पाहिला असेल. फक्त मी पाहिला नाही. चेहरा माझा आणि पुसणारा तू कोण?

तिचं पत्र वाचून मी आरशासमोर उभी राहून बोलले. मोठ्याने. पुस्तक उशिरा आणल्याबद्दल वाचकाला सुनावते तसं आरशाला सुनावलं. पण आपलंच तोंड बघत बोलणं जमत नाही, लक्ष तोंडाकडे जातं आणि बोलणं अडतं. मला दुसऱ्या कुणाशी तरी बोलताना मी कशी दिसते ते पाहायचं आहे. ते पाहिल्याशिवाय ग्रंथपाल बाईंना हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणवत नाही.

तेव्हा या. कॅमेरा आण. मी बोलेन, तू काढ. पुसायचं बटण मात्र माझ्या बोटाखाली.

डबा संपवत जा. उपाशी भाऊ मला परवडणार नाही.

ताई


दि. ४ एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद, यावेळी पुरेसे.

फोटो पोचला. तुम्ही गेल्यावर मी तुझ्या बायकोला मनात पुष्कळदा शहाणी म्हटलं, तुला एकदा. तू इतक्या निमूटपणे मला फोटो पुसू दिलेस म्हणून. पहिला पुसताना दोनदा विचार केला. पुढे मजा वाटायला लागली. काही फोटोंत मी फारच वाईट होते, आणि त्याचं कारण तोंड नव्हतं, तो हिरवा स्वेटर होता. तो आता देऊन टाकला.

मी ठेवलेला फोटो तू पुसायला निघाला होतास. भिंग घासणाऱ्याला साजेसंच म्हणालास, की हललाय, धड काही दिसत नाही. हात धूसर आहे, मान वळलेली आहे, तोंड असायचं तिथे आणि असायचं तसं आहे. मी तुला रागावते आहे. कशावरून ते आठवत नाही, पण बाई माझ्या ओळखीची आहे. त्या दिवशी मी तुला कारण न सांगता तो छापायला सांगितला, ते कारण हे.

आता बातमी. सोमवारी खिडकीवर बसले. सकाळी भीतीने शिक्क्याची तारीख तीनदा तपासली. पुस्तकं आली, पुस्तकं गेली. एक जुने वाचक माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग दंड माफ करता का म्हणाले. मी नाही म्हटलं. प्रकरण मिटलं.

दुपारी एक लहान मुलगी आली. खिडकीच्या कठड्याला हनुवटी टेकवून तिने विचारलं, तोंड असं का आहे. तिची आई लाजेने लाल झाली आणि तिला ओढायला लागली. मी सांगितलं, आत एक नस आहे, ती झोपली आहे. मुलीने गंभीरपणे मान हलवली. पुढे पुस्तक मागणं, शिक्का मारून घेणं, आईशी भांडणं, सगळं तिने कुजबुजत केलं, आणि जाताना दार दोन्ही हातांनी धरून आवाज न करता लावलं.

तुम्हा दोघांवर लोभ आहे, तो मोठ्या आवाजात कळवते.

ताई