लिंबाखाली पहिली

आई, आज तुझ्या कोल्ड स्टोरेजला गेले होते, विंचूरला. द्राक्षांचं पॅकिंग तसंच चालतं, बाया तशाच डोक्याला फडकं बांधून पेट्या भरतात. कोपऱ्यातला कडुलिंबही आहे. वादळात, गारपिटीत थंडाव्यासाठीचा अमोनिया गॅस सुटला तर माणसं कशी वाचवायची, याचे आराखडे मी करते. त्याच कामावर आता माझं पोट आहे.

तुमची मॉक ड्रिल असली की तू घरी येऊन स्वयंपाकघरात तेच सांगत बसायचीस. स्वच्छ ऊन, भोंगा आधी सांगून, शेवटी चहा-भजी. वारा कायम पश्चिमेचा धरलेला, गॅस पूर्वेला जाणार, म्हणून जमायची जागा पश्चिमेला, लिंबाखाली. सगळ्यांत आधी पोचलीस म्हणून साहेबांनी तुला स्टीलचा डबा दिला. मी हसले, तर उलथनं उगारून म्हणालीस, "लय शहाणी! भोंगा झाला की विचार करायचा नाय, पळायचं." केवढा तोरा होता तुला त्या डब्याचा! मग ती गारपीट. छपराचा पत्रा उडून गॅसच्या पाइपावर पडला, भोंगा झाला. वारा त्या दुपारी उलटा, पूर्वेचा. वादळात वारा फिरतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या घाबरून, शिस्त मोडून पूर्वेच्या फाटकाकडे पळाल्या त्या वाचल्या. तू लिंबाखाली गेलीस आणि गॅसही तिकडेच आला. "तेव्हाबी तीच पहिली होती," असं तुझी मैत्रीण मला रडत, कौतुकानं म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. राग येतो गं, त्या साहेबाचा येतो, तुझाही येतो. एकदा तरी त्याचं ऐकायचं नव्हतंस!

आज आभाळ भरून वारं सुटलं असतानाच मी ड्रिलचा भोंगा द्यायला लावला. मॅनेजर कुरकुरला, "मॅडम, असल्या हवेत? ऊन तरी पडू द्या." म्हटलं, "गारा ऊन बघून पडतात का?" वारा पूर्वेचा होता. बायांनी छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झेंड्याकडे पाहिलं आणि सगळ्या नीट पूर्वेच्या फाटकाशी जमल्या. हजेरीत एकच माणूस कमी निघालं, मी. वारा पाठीत ढकलत होता आणि मी लिंबाकडे निघाले होते. मॅनेजरला सांगितलं, जागा बघत होते. हा कागद काही कुठं जायचा नाही, म्हणून तुला खरं सांगते. तू तिथं आधीच पोचली असशील, असं वाटलं.